तुलवोपतेताची विझलेली शेगडी

१

मंगळवारी सकाळी जेपलेतिंग फाटकाशी आली तेव्हा अराप बिर्गेन गाय पिळत होता. तिने हाक मारली नाही. गाईने मान वळवली म्हणून त्याने वर पाहिलं.

"टाकी मेली, आजोबा."

"अशी कशी मेली?"

"शेगडी पेटत नाही. काल ज्योत करंगळीएवढी होती. आज काडी लावली तर काडीच तेवढी जळली."

उरलेली धार बायकोवर सोपवून म्हाताऱ्याने कोट घातला. सदतीस वर्षं त्याने दूध संघाच्या केंद्रावर कॅन हुंगण्यात घालवली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गावात काही आंबलं, नासलं, बिघडलं की माणसं त्याच्याच दारी येत. त्याचा स्वतःचा आपल्या नाकावर फारसा भरवसा नव्हता, पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

तुलवोपतेत गावच्या दवाखान्याच्या मागे, चहाच्या उताराला लागून, गोबरगॅसची टाकी होती. सहा घरांचं शेण रोज सकाळी तिथे येई. जेपलेतिंग ते पाण्यात कालवून तोंडाशी असलेल्या हौदातून आत सोडी. त्या गॅसवर बाळंतिणींच्या खोलीचं पाणी तापे. टाकीतून बाहेर पडणारी मळी ती शेजारच्या वाफ्यात, सुकुमाच्या पालेभाजीला घाली.

टाकी समितीचा अध्यक्ष अराप मेट्टो हात मागे बांधून आधीच उभा होता. अराप म्हणजे अमक्याचा मुलगा; इथल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या नावाआधी ते लागे.

"या बिर्गेन. मयताला आलात?"

"बघायला आलो."

"बघायचं काय त्यात? हिने फरशी पुसलेली ब्लीचची बादली आत ओतली. दुसरं काय? शनिवारी बैठक घेतो. टाकी बुजवू, आणि खोली रिकामी करून घेऊ. टाकीच नाही तर टाकीवालीचं काय काम?"

जेपलेतिंग पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. नऊ वर्षांपूर्वी आजारी आईला घेऊन ती या दवाखान्यात आली होती. आई गेली, पोरगी राहिली. टाकीशेजारची ती पत्र्याची खोली सोडली, तर जगात तिचं म्हणावं असं छप्पर नव्हतं.

अराप बिर्गेन हौदावर वाकला. कडेला दोन-तीन हिरव्यागार गवताच्या काड्या चिकटल्या होत्या, धुतल्यासारख्या स्वच्छ. वास आंबूस आला. त्याने कोटाची बाही हुंगली. बाहीलाही तोच वास. म्हणजे आपलाच असणार, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

"पोरी, गेले काही दिवस ज्योत कशी होती?"

"नऊ दिवसांपूर्वी मोठं पातेलं अर्ध्या तासात उकळायचं. मग पाऊण तास, मग तास. रोज थोडी कमी."

"ऐकलंत अध्यक्ष?" म्हातारा हळूच म्हणाला. "ही एका बादलीने मेलेली नाही. नऊ दिवस कोणीतरी हिला रोज थोडं थोडं मारत होतं."

२

ब्लीचचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. फरशीची बादली दवाखान्याच्या पुढच्या गटारात ओतली जाई, आणि तिथलं गवत जळून पिवळं पडलं होतं. शिवाय एवढ्या शेणात बादलीभर ब्लीच म्हणजे दर्यात खसखस. अराप मेट्टोने हे ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. तो जन्मात एका बैठकीत काही मान्य करत नसे. त्याला दोन लागत.

मग राहिला कोळसेवाला अराप सिरतुई. टाकी होण्याआधी दवाखान्याची चूल त्याच्या कोळशावर चाले. तो रस्त्यात गाढवाच्या पाठीवरचं पोतं सारखं करत होता.

"तू आलास म्हणजे संशय माझ्यावर," तो म्हणाला. "बस. गाढव लाथ मारत नाही, मी मारतो."

"संशय असं नाही..."

"अरे, खरं सांगतो. टाकी बंद पडो म्हणून मी दर रविवारी प्रार्थना केली. आता देवाने ऐकली तर गुन्हा देवाचा. माझे हात बघ. या हातांनी कशाला शिवलं असतं तर तिथे काळा पंजा उमटला असता."

हौद स्वच्छ होता. अराप बिर्गेनने ते पाहिलं होतं.

"रोज पहाटे मी तिथून जातो," सिरतुई गाढवाला म्हणाल्यासारखा बोलला. "तिथलं मांजरसुद्धा माझ्यापेक्षा सुखी. हौदाच्या काठावर बसतं नि मिशा चाटतं. आम्ही दोघेही काळे. त्याला म्हणतात गोजिरवाणं, मला म्हणतात धूर."

परतताना म्हातारा कोगो तबुतानीकडे टेकला. कोगो म्हणजे आजी. तिला सगळं गाव तेच म्हणे. ती अराप मेट्टोची आई, पण मुलाच्या मोठ्या घरात न राहता दवाखान्याच्या वरच्या अंगाला एका गाईसह राही. त्या गाईचं शेण टाकीला जात नसे, ते तिच्या भोपळ्यांना लागे. आणि जेपलेतिंगवर तिचा पोटच्या पोरीसारखा जीव होता.

"माझ्या मुलाने तिला घालवलं," कोगो म्हणाली, "तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन. उपाशी. केक घातला तरी—"

"कोगो, आपल्याकडे केक कुठे असतो?"

"तेच म्हणते. आहे ते घातलं तरी उठणार नाही. चहा घे."

चहा काळा होता, बिनदुधाचा. अराप बिर्गेनने ताबडतोब नजर आपल्या बुटांवर वळवली. पाहुण्याला काळा चहा द्यायची वेळ आली, तर पाहुण्याने तो पाहिलाच नाही असं वागायचं असतं. त्याची आई त्याला हे शिकवून गेली होती. तो घोट घोट प्याला, छान झालाय म्हणाला, आणि घरी आला.

३

"लोकांचे नवरे म्हातारपणी देवाला लागतात," तापकिगेन म्हणाली. "माझा शेणाला लागला."

बुधवारची दुपार होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्या मांडल्या होत्या, आणि तिचा नवरा सहा घरांचं शेण सहा फडक्यांतून गाळत होता.

"ऐक तर. एकदा संघात आठशे लिटर दही लागलंच नाही. विरजण चांगलं, दूध चांगलं, ऊब चांगली. शेवटी कळलं की कोणीतरी औषध चालू असलेल्या गाईचं दूध कॅनमध्ये मिसळलं होतं. अँटिबायोटिकने विरजणातले जंतूच मारले. टाकी म्हणजे तरी काय? जंतूंचंच घर. ते शेण खातात आणि गॅस सोडतात."

"मग?"

"गाईला दिलेलं औषध गाईतच संपतं असं आपल्याला वाटतं. पुष्कळसं शेणामुतातून तसंच बाहेर पडतं. त्याला कुठे ठाऊक असतं की आपलं काम झालं? ते शेणात जाऊनही जंतूच शोधतं. या सहांपैकी एका घरात गाईला औषध चालू आहे आणि ते लपवलंय."

युक्ती साधी होती. शेणाचं पाणी गाळायचं, त्यातले जंतू मरावेत म्हणून त्याला एक उकळी द्यायची, गार करून चमचाभर दुधात घालायचं, आणि वर तापकिगेनच्या मुर्सिकचं विरजण. तिच्या धुरावलेल्या तुंब्यातलं मुर्सिक, आंबट दूध, पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. ते कधी चुकत नसे. ज्या बरणीत दूध लागणार नाही, त्या घरात औषध.

"आणि माझ्या विरजणाला शेण लावल्याबद्दल?"

"एक बरणी बिनशेणाची ठेवलीय. तुझ्या मानाखातर."

"मानाखातर म्हणे." तरी तिने चुलीजवळची उबदार जागा रिकामी करून दिली.

मग म्हाताऱ्याच्या मनात आलं की विचारायचंच तर सगळ्यांना विचारावं. त्याने टाकीतली मळी आणली. जेपलेतिंगच्या सुकुमाच्या वाफ्यातली मूठभर माती पाण्यात कालवली. उताराखालच्या झऱ्याचं पाणीही आणलं, कारण त्याच झऱ्यावरून अर्धं गाव पाणी भरत असे. बरण्यांवर त्याने कागद चिकटवले. अक्षर त्याचं त्यालाच लागेना.

गुरुवारी सकाळी तापकिगेन त्याच्या आधी उठली होती. ती फळीसमोर उभी होती आणि हसत नव्हती.

"तुमच्या सहाही घरांना सोडून द्या," ती म्हणाली.

४

सहाच्या सहा बरण्यांत दूध घट्ट लागलं होतं. तिरपी केली तरी हलेना. बिनशेणाची बरणीही तशीच. झऱ्याच्या पाण्याची बरणीही घट्ट. तेवढं एक बरं होतं.

पण मळीच्या बरणीत दूध काल होतं तसंच पातळ होतं. आणि वाफ्यातल्या मातीच्या बरणीत ते जेमतेम दाटलं होतं, तिरपी केली की ओघळे.

अराप बिर्गेन स्टुलावर बसला. औषध टाकीत होतं, यात शंका नव्हती. टाकीतून ते वाफ्यात उतरलं होतं आणि मातीने ते धरून ठेवलं होतं. अजून झऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पण पाऊस लागला, माती वाहिली, तर पोचायला कितीसा वेळ. आणि तरीही ते ज्या शेणातून यायला हवं, त्या शेणात नव्हतं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "सगळं आयुष्य हुंगून हुंगून काढलं आणि एवढंही कळेना. मेट्टो म्हणतो ते खरं असेल. मीच त्या पोरीला आशा लावली."

"झालं रडून?" तापकिगेनने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं. "मग दूध द्या इकडे."

तिने चहात दूध ओतलं तसं कुठूनसं त्यांचं मांजर येऊन तिच्या पायांत घुटमळू लागलं. थेंबभर खाली सांडलं ते त्याने चाटलं, आणि मिशाही चाटल्या.

म्हातारा मांजराकडे बघत राहिला.

"तापकिगेन, मांजर शेण खातं का?"

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाही खात ना? मग शेणाच्या हौदाच्या काठावर बसून रोज पहाटे ते काय चाटतं?"

त्याने खुंटीवरचा कोट काढला आणि बाही हुंगली. तोच आंबूस वास. सदतीस वर्षांचा. आपला नव्हे, दुधाचा.

"मी एक सभ्य गाढव आहे," तो म्हणाला. "परवा गाय असलेल्या घरात माझ्यासमोर काळा चहा ठेवला होता, आणि मी सभ्यपणे बूट बघत बसलो."

५

कोगो तबुतानी दारात मका सोलत होती. अराप बिर्गेन तिच्याजवळ जमिनीवरच बसला आणि तोही सोलू लागला. चार कणसं झाली तरी त्याला सुरुवात सापडेना.

"कोगो, तुझी गाय कशी आहे?"

"आता बरी आहे. कासेला दगडी झाली होती. एक सड दगडासारखा. माझ्या मुलाने औषधाच्या नळ्या आणल्या, सडात सोडायच्या. तो चांगला आहे रे. बोलतो तसा नाही."

"आणि दूध?"

"ते प्यायचं नाही, विकायचं नाही, वासराला नाही की कुत्र्याला नाही. दहा दिवस. त्याने तीनदा बजावलं. मी थेंब तोंडाला लावला नाही." तिने मान ताठ केली. "कोणाला विषबाधा झाली असती तर? मी तसली बाई नाही."

"मग ते दूध कुठे गेलं?"

ती त्याच्याकडे असं बघू लागली, जणू त्याने विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो.

"जमिनीवर ओतू? तुझ्या आईने ओतलं असतं?"

नसतं ओतलं. कोणाच्याच आईने नसतं ओतलं. दूध मातीला पाजलं की गाय रुसते, हे इथे पोर रांगायच्या आधी शिकतं.

"मग मी म्हटलं, गाईचं गाईला द्यावं. शेणही तिचंच, दूधही तिचंच. पहाटे, पोर उठायच्या आधी, हौदात ओतायचे. वर हिरवं गवत ठेवायचे, राग मानू नको म्हणून. आणि म्हटलं, दूध मिळालं की टाकी चांगली पोसेल. माझ्या पोरीची ज्योत मोठी होईल." तिचे हात थांबले. "का रे? तू असा का बघतोस?"

अराप बिर्गेनने सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. सडातलं औषध दुधात उतरतं, म्हणून तर ते प्यायचं नसतं. टाकीत गेलं, तिथल्या जंतूंना मारलं. उरल्या-सुरल्यांना एवढं दूध पचलं नाही, सगळं आंबून गेलं.

कोगोने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"म्हणजे मी रोज उठून तिच्या घरात..." ती म्हणाली आणि वाक्य तसंच सोडलं.

"मी तुझं नाव घेणार नाही," तो म्हणाला. "काहीतरी सांगेन."

"तुला खोटं बोलता येतं का?"

"नाही."

"मग?"

त्याने आणखी एक कणीस सोलायला घेतलं. शनिवारला दोन दिवस होते.

६

बैठकीला दवाखान्याची पडवी भरली. जेपलेतिंगने आपलं सामान एका पोत्यात बांधून दाराशी ठेवलं होतं. कोणी सांगायच्या आधी निघालेलं बरं, असा तिचा स्वभाव.

अराप मेट्टोने ब्लीचवर भाषण केलं. मग अराप बिर्गेन उभा राहिला. बरण्यांची टोपली पुढे ठेवून तो टोपलीशीच बोलल्यासारखा बोलला. ब्लीच नव्हे. सहा घरं नव्हेत. कोळसा नव्हे. ("प्रार्थनाही नव्हे," सिरतुई मागून म्हणाला.) औषधाचं दूध. ज्याने ओतलं त्याने वाईट हेतूने ओतलं नाही. उलट सांगितलेला प्रत्येक नियम पाळूनच ओतलं.

"नाव सांगा," मेट्टो म्हणाला.

"नाव... नावाची गरज नाही."

"नाव नसेल तर ती गोष्ट झाली, पुरावा नाही. मग पोरगीच जबाबदार."

अराप बिर्गेन टोपलीतल्या बरण्या सारख्या करू लागला. तापकिगेनने डोळे झाकून घेतले. तेवढ्यात मागे काठी आपटली.

"नाव तबुतानी," कोगो म्हणाली. "तुझी आई."

मेट्टो उभा होता तो बाकावर बसला.

"आई, मी तुला तीनदा सांगितलं होतं—"

"सांगितलंस. पिऊ नको, विकू नको, वासराला देऊ नको. ओतू कुठे, ते तू सांगितलं नाहीस. तुझ्या नळीच्या कागदावरही लिहिलेलं नव्हतं. मी नातीकडून वाचून घेतला. तुम्ही सगळे गाईला औषध देता ना? मग तुम्ही कुठे ओतता?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने ओढ्याचं नाव पुटपुटलं. एकाने सांगितलं, भोकाच्या डब्यात ठेवतो, आपोआप जातं. एकजण छताकडे बघत राहिला.

"मग बिर्गेन, तू सांग," कोगो म्हणाली. "मातीला नाही, पाण्याला नाही, टाकीला नाही. कुठे?"

अराप बिर्गेनने घसा साफ केला. त्याला नक्की ठाऊक नव्हतं, आणि ते त्याने सांगितलंही. पण ही औषधं अंधारात, ओल्या मातीत फार टिकतात. उन्हात पसरली तर त्यांतली बरीच लवकर मोडतात. पत्र्याच्या उथळ परातीत सुकं शेण घालावं, त्यात दूध जिरवावं, झऱ्यापासून लांब, कुंपणाच्या आत, उघड्या उन्हात ठेवावं. वाफ्यातली भाजीही महिनाभर खाऊ नये. दर आठवड्याला बरणी लावून मातीतलं औषध कधी जातं ते तो बघेल.

"उन्हात," कोगो म्हणाली. ती थोडा वेळ बाहेर, अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिली. "म्हणजे असिसला."

असिस म्हणजे सूर्य. चर्च येण्याआधी त्यांच्या आज्या रोज सकाळी त्याच्याकडे तोंड करून थुंकत नि गाईंसाठी मागणं मागत.

"असिसला दूध दिलं तर कोणाची गाय रुसेल?" तिने विचारलं.

सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने मान हलवली. कोणाचीच नाही.

अराप मेट्टो मग उठला. त्याला दोन बैठका लागत, पण आईसमोर एकच पुरली. तो जेपलेतिंगच्या पोत्याकडे गेला, ते उचललं आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याने पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले होते.

"टाकी कधी उपसायची?" त्याने तिला विचारलं.

"आत्ता," जेपलेतिंग म्हणाली. "फावडं तिकडे आहे. मळी झऱ्याच्या बाजूला टाकायची नाही. वरच्या माळावर, उन्हात, पातळ पसरायची."

उपसायला तीन दिवस लागले. सहा घरांनी ताजं शेण दिलं, आणि पहिले दोन आठवडे हौदात नुसते बुडबुडे येत राहिले. अराप बिर्गेन रोज येऊन हुंगून जाई आणि रोज म्हणे, सांगता येत नाही.

सव्विसाव्या दिवशी दुपारी जेपलेतिंगने काडी ओढली. ज्योत आधी पिवळी आली, फडफडली, मग खाली बसून निळी झाली. अराप मेट्टोने खिशातून कागद काढला आणि घसा खाकरला.

"भाषण राहू द्या अध्यक्ष," जेपलेतिंग म्हणाली. "आत बाईच्या कळा वाढल्यात. ते मोठं पातेलं उचला, मला एकटीला पेलत नाही."

त्याने कागद दातांत धरला आणि एका बाजूने पातेलं उचललं.